मध्यंतरानंतरची थोरली

गुरुवारी सकाळी मोशीच्या ‘इंद्रायणी दर्शन’ सोसायटीत (जिच्या कुठल्याही गच्चीवरून इंद्रायणीचं दर्शन होत नाही) एखादा नवखा माणूस आला, तर सी विंगमध्ये कुल्फीवाल्यांचा मेळावा भरलाय असं त्याला वाटेल. या दारातून किणकिण, त्या दारातून किणकिण. घाबरण्याचं काही कारण नाही. त्या दिवशी तिथल्या बायका बोलत नाहीत, एवढंच.

या व्रताचं नाव मुका गुरुवार. अंघोळ झाली की तोंड बंद, ते उघडायचं थेट दिवेलागणीला, देवापुढं समई लागल्यावर. लिहून दाखवायचं नाही, मोबाइलवर टाइप करायचं नाही. बोटांनी बोलणं हेही बोलणंच. अगदीच नड पडली तर पितळेची छोटी घंटी वाजवायची आणि उरलेलं डोळ्यांनी सांगायचं. सिलिंडरवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक झालेलं आहे. गुरुवारी ते सी विंगमध्ये खुशाल मोठ्या आवाजात येतात, कारण उलट उत्तर येणार नसतं.

आता गुरुवारच का, तर तो दत्तगुरूंचा वार. पण या पट्ट्यात गुरुवारला आणखी एक माहात्म्य आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत बरेच कारखाने रविवारी नाही, गुरुवारी बंद असतात. म्हणजे नवरे घरात असतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. नाही असंही कुणी म्हटलं नव्हतं.

सोसायटीत हे व्रत आणलं शालनबाईंनी. शालनबाई म्हणजे सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि मधल्या रिकाम्या दिवशी कशाचा तरी नेम. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही आणि चहा झाला तरी पोथीशिवाय नाश्ता नाही. आवाज इतका हळू, की भाजीवाल्याशी त्यांनी आजवर केलेली घासाघीस भाजीवाल्याला अजून ऐकू आलेली नाही. अशा बाईनं मौन धरावं यात काही विशेष नाही असं वाटेल. पण त्यांचं बघून सगळी विंग गप्प बसली, हे विशेषच म्हणायचं.

व्रत कुठल्या पोथीतलं, असं कुणी विचारलं की शालनबाई जराशा लाजत आणि सांगत, “पोथीतलं नाही गं. सिनेमातलं.”

सिनेमाचं नाव ‘देव्हाऱ्यातली सून’. बार्शीकडच्या त्यांच्या गावी यात्रेत तंबू लागायचा, तिथं लहानपणी पाहिलेला. त्यातली थोरली जाऊ त्यांच्या मनात जाऊन बसली ती बसलीच. पांढरं नेसलेली, खाली मान, दर गुरुवारी मौन, हातात घंटी. सगळं घर तिच्यापुढं दबून. पुढं लग्न होऊन शालनबाई भोसरीला आल्या आणि नवऱ्याच्या, ज्योतीरामांच्या, कंपनीला टाळं लागलं. ज्योतीराम दिवसभर मालकाला शिव्या देत बसायचे. तेव्हा शालनबाईंना थोरली आठवली. त्यांनी घंटी विकत आणली, गुरुवार धरले, आणि दिवाळीच्या आधी टाळं उघडलं. यानंतर माणसानं आणखी काय पुरावा मागायचा?

दर संक्रांतीला हळदीकुंकवाला त्या सिनेमाची गोष्ट सांगत. शेवटी धाकट्या जावेवर चोरीचा आळ येतो, तिला भर चावडीत उभं करतात, आणि बारा वर्षं गुरुवार पाळलेली थोरली देवळाच्या पायरीवरून एकच शब्द उच्चारते, “निर्दोष!” देवळातल्या सगळ्या घंटा आपोआप वाजू लागतात. इथं आल्यावर वाणाच्या वाट्या हातात धरून बायका डोळे पुसत.

व्रताला पंचवीस वर्षं होत होती. बायकांनी ठरवलं, शालनकाकूंचा सत्कार करायचा. आणि सून मिनल म्हणाली, “आई, सत्कारात तुमचा सिनेमाच दाखवू या सगळ्यांना. मी शोधते.”

मिनल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. न सापडणाऱ्या गोष्टी शोधायचा तिला पगार मिळतो. तिनं तो सिनेमा नेटवर कुठल्याशा कोपऱ्यातून काढला. वर एक आडवी रेघ सतत थरथरत होती आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा होता, पण होता अख्खा.

परवानगीसाठी मिनल सोसायटीचे सेक्रेटरी जयसिंग यांच्याकडे गेली. जयसिंग उपविधींचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतात अशी वदंता आहे. ते म्हणाले, “क्लबहाऊसमध्ये वाढदिवस चालतो, बारसं चालतं. सिनेमा हे सार्वजनिक प्रदर्शन झालं. त्याला प्रत्येक विंगचं ना हरकत लागेल. शिवाय आवाजाची मर्यादा, शिवाय खुर्च्यांचं डिपॉझिट.”

हे ऐकून वरच्या मजल्यावरच्या विमलबाई खाली उतरल्या. सोसायटी उभी आहे ती जमीन मूळची त्यांच्या घरची.

“जयसिंग, ह्या जागेत माझ्या सासऱ्यानं कांदा लावला व्हता, तवा तुझं कलबहाऊस कुटं व्हतं रं? कांद्याला घेतलंता का आमी तुझं ना हरकत?”

परवानगी त्याच दिवशी मिळाली. सिनेमा ठरला गुरुवारी दुपारी, तेव्हा सगळे घरी असतात.

शालनबाई हरखून गेल्या. आपली थोरली इतक्या वर्षांनी पुन्हा भेटणार! मंगळवारी दुपारी मिनलनं ऑफिसातून फोनवर लिंक पाठवली. “तुम्ही आधी बघून घ्या आई, काही अडचण नको.” शालनबाईंनी हात धुतले, पदर सारखा केला, फोन देव्हाऱ्याशेजारी पाटावर टेकवला आणि समोर बसल्या.

सगळं तसंच होतं. तोच वाडा, तीच विहीर, तीच थोरली. तिनं पहिल्यांदा घंटी वाजवली तेव्हा शालनबाईंना हुंदका आवरेना. पुढचं एकेक वाक्य त्या नट बोलायच्या आधी पुटपुटत होत्या. धाकटी माहेरून आली, सासूनं चंद्रहार दाखवला, थोरलीनं खाली मान घातली, आणि पडदाभर अक्षरं आली, ‘मध्यंतर’.

पुढचं वाक्य पुटपुटायला शालनबाईंनी तोंड उघडलं. वाक्य येईना.

त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. आठवायचं ते एकच. मध्यंतर झालं की आई त्यांचा दंड धरून उठवायची. “चला. आता पिऊन आलेले गडी घुसतील तंबूत.” आणि मग बायकापोरींची रांग कंदिलामागून घरी. यात्रा चालेल तितके दिवस रोज सिनेमाला, आणि रोज मध्यंतरापर्यंत. मग ती देवळाची पायरी? तो ‘निर्दोष’? त्या आपोआप वाजणाऱ्या घंटा? अंथरुणात पडल्या पडल्या रोज थोडं थोडं रचलं असणार. रचता रचता कधी पाहिलंय असं वाटायला लागलं, हे देवच जाणे.

त्यांनी सिनेमा थोडा पुढं सरकवला. गुरुवार होता. थोरली वाड्याच्या मागच्या दाराशी उभी होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि घंटी दोनदा वाजवली. दारातून एक मिशाळ माणूस रिकामं पोतं घेऊन आत आला.

शालनबाईंनी फोन पालथा घातला आणि वर देवघरातलं फडकं टाकलं.

त्या दिवशी पोथीतली एक ओळ त्यांनी कितीतरी वेळा वाचली आणि डोक्यात मिशाच येत राहिल्या. कुणाच्या तरी चोरट्या जावेचं सोंग आपण पंचवीस वर्षं देवापुढं पाळलं? एकटीनं नाही, सगळ्या विंगेला पाळायला लावलं? आणि मग कंपनीचं टाळं उघडलं ते कुणी? दत्तगुरूंनी की मिशाळ माणसानं?

संध्याकाळी मिनल घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “मी काय म्हणते, मध्यंतरापर्यंतच दाखवावा. पुढं बायकांना स्वयंपाक असतो.”

“गुरुवारी कुठला स्वयंपाक आई? गुरुवारी सगळे नवरेच खिचडी लावतात. आणि शेवट बघायलाच तर येतायत सगळ्या. समोरची पूनम म्हणाली, टिश्यूचा डबा घेऊन येते.”

बुधवारी सकाळी शालनबाई जयसिंगांकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाची तक्रार करणार होत्या आणि ती स्वतःच्याच सत्काराची होती.

“क्लबहाऊसचं रद्द करता येईल का हो?”

“काय?”

शालनबाईंनी परत सांगितलं. जयसिंगांनी कान पुढं केला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते गंभीर झाले. “काकू, बुकिंग द्यायला वेळ लागत नाही, रद्द करायला प्रोसिजर आहे. तीन दिवस आधी लेखी अर्ज. आज दिला तर शनिवारी रद्द होईल.”

“पण सिनेमा उद्या आहे.”

“म्हणून तर म्हणतो, आधी यायला हवं होतं.”

जिन्यात विमलबाई भेटल्या. शालनबाईंचा चेहरा बघून म्हणाल्या, “काय गं, ताप हाय का? सुंठ घे. सत्काराच्या दिशी म्होरं बसायचं हाय तुला.” शालनबाईंना वाटलं, सांगून टाकावं. पण विमलबाईंना सांगणं आणि गावदेवाच्या स्पीकरवर सांगणं यात फरक फक्त स्पीकरचा. त्या सुंठ घेते म्हणाल्या आणि घरी आल्या.

उरला देव. शालनबाई देवाकडं कधी काही मागत नसत. त्याचा त्यांना संकोच वाटे. पण त्या रात्री समईपुढं हात जोडून त्या म्हणाल्या, “महाराज, उद्या लाइट घालवा.” मग वाटलं, हे इतरांचं नुकसान मागणं झालं, कुणाचं लहान पोर उकाड्यात रडेल. म्हणून त्यांनी मागणीत दुरुस्ती केली. “फक्त क्लबहाऊसची.”

गुरुवार उजाडला. अंघोळ झाली आणि शालनबाईंचं तोंड बंद झालं. आता सांगावंसं वाटलं तरी सांगता येणार नव्हतं.

क्लबहाऊस भरलं. पुढं बायका, प्रत्येकीच्या मांडीवर घंटी. मागं भिंतीला टेकून नवरे, ज्यांना मुळीच यायचं नव्हतं आणि जे सगळ्यांच्या आधी आले होते. शालनबाईंना झेंडूच्या माळा लावलेल्या खुर्चीत बसवलं, अंगावर शाल, मांडीवर नारळ. सत्काराचं भाषण करणार कोण? बोलणारं बाईमाणूस एकटी सूनच, आणि सुनेनं सासूचं कौतुक करणं कसं दिसेल? मग जयसिंग बोलले. शालनकाकूंच्या त्यागी वृत्तीवरून ते पाहुण्यांच्या पार्किंगवर आले आणि तिथंच बराच वेळ राहिले.

मिनल लॅपटॉपपाशी होती. तिला मोकळीक होती, ती व्रत धरत नाही, तिला गुरुवारीही कधीकधी ओव्हरटाइम असतो. शालनबाईंनी शेवटचा उपाय म्हणून तिच्याकडं बघून घंटी वाजवली आणि मान जोरजोरात हलवली. मिनलला वाटलं, सुरू कर म्हणतायत. दिवे मालवले. सगळ्या बायकांनी आनंदानं घंट्या वाजवल्या.

पहिला भाग छान गेला. थोरलीची घंटी वाजली की सभागृहातल्या घंट्या तिला साथ देत. कुणीतरी पडद्याला लांबूनच नमस्कार केला. शालनबाईंच्या हातातल्या नारळाला घाम फुटला होता. ‘मध्यंतर’ अशी अक्षरं आली, आणि लाइट गेली.

पडदा काळा, पंखे थांबले. शालनबाईंनी डोळे मिटले. पंचवीस वर्षांत इतकं लगेच, इतकं नेमकं देवानं त्यांचं कधीच ऐकलं नव्हतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी तारा बंद ठेवतात, तशी ती गेली होती, हे त्यांना नंतर कळलं. त्या क्षणी त्यांना साक्षात गाभाऱ्यात उभं असल्यासारखं वाटलं.

“घाबरू नका!” अंधारातून जयसिंगांचा आवाज आला. गेली दोन वर्षं ज्या क्षणाची ते वाट बघत होते तो आला होता. “कॉमन एरियाला आपण जनरेटर बॅकअप घेतलेला आहे. मिटिंगमध्ये विरोध कुणी कुणी केला होता, ते आज आठवा.”

बाहेर जनरेटर खाकरला आणि थोरली पुन्हा उजळली.

त्यानंतरचं शालनबाईंनी पदराच्या काठातून पाहिलं. चंद्रहार गेला. सासू थोरलीला विचारायला आली, तर गुरुवार; थोरली मुकी. धान्याची कणगी रिकामी झाली, विचारायला आले, तर गुरुवार. मागच्या दाराशी दोनदा घंटी, की तिचा मिशाळ भाऊ पोतं घेऊन हजर. त्या घंटीच्या वेळी पूनमच्या मांडीवरची घंटी घसरून फरशीवर पडली आणि अख्खं सभागृह दचकलं. धाकटीला घराबाहेर काढलं. शेवटी सासऱ्यानं भावाला पोत्यासकट धरलं, थोरली पायावर पडून ओरडली, “माझं मौन हे माझ्या पापाचं पांघरूण होतं!” आणि सासऱ्यानं ती घंटी विहिरीत फेकली. डुबुक्क. समाप्त.

दिवे लागले. कुणीच बोललं नाही. अर्थात, गुरुवार होता.

शालनबाईंना आजवर कळलं नव्हतं की शांततेतही इतका गोंगाट असतो. दिवेलागणीला अजून पुष्कळ अवकाश होता. एकही बाई उठली नाही. प्रत्येकीच्या मांडीवर घंटी होती आणि ती आता कुठं ठेवावी हे कुणाला सुचत नव्हतं.

बोलता येत होतं ते पुरुषांना.

“काय राव,” मागून कुणीतरी म्हणालं, “आपण घरात चोर पाळलेत की!”

“पोती तपासा भावा आपापली!”

हशा पिकला. जयसिंग म्हणाले, “हा विषय जनरल बॉडीत घ्यावा लागेल.” विमलबाईंचे दादासाहेब तर खुर्ची सरकवून पुढंच आले. “इतकी वर्सं मला वाटत व्हतं, बायकू देवाचं करतीया. हितं तर पोत्याचं निघालं!”

मिनल लॅपटॉप मिटत होती. तिनं हळूच सासूकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

शालनबाईंच्या मनात आलं, तोंड उघडावं. व्रत खोटंच असेल तर मोडून बिघडलं काय? पण जीभ उचलेना. खिडकीतलं ऊन हलायला तयार नव्हतं. चावडीत उभी केलेली धाकटी त्यांना आता पहिल्यांदा नीट कळली.

शेवटी एकदाचं अंधारून आलं. क्लबहाऊसच्या कोपऱ्यात दत्ताची तसबीर होती. नेमाप्रमाणे समई थोरल्या मानाच्या बाईनं लावायची आणि पहिला शब्द तिनं बोलायचा. सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन शालनबाई उठल्या. काडी तीनदा विझली. वात धरली. त्या वळल्या. देवाचं नाव घ्यायचं ते राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“मला शेवट माहीत नव्हता गं. आई मध्यंतरालाच घरी न्यायची.”

आवाज इतका हळू होता की मागच्यांना ऐकू गेलाच नाही. पण पुढच्या रांगेतून विमलबाई उठल्या.

“मला म्हाईत व्हता की.”

“तुम्हाला?”

“तर! हितल्या जत्रंतबी आमच्याच रानात लागायचा त्यो तंबू. रोज फुकाट, रोज शेवटापतोर. तू पयल्या संक्रांतीला इस्टोरी सांगितलीस, तवाच वळखलं मी, थोरली म्हंजी ती चोरटीच. म्हनलं, सांगावं हिला. पन तू त्यो शेवट असा काय सांगितलास, ‘निर्दोष’ काय, घंटा काय! मी रडले. त्या पिच्चरला मी येकदाबी रडले न्हवते.”

“मग व्रत का धरलंत?”

विमलबाईंनी दादासाहेबांकडं पाहिलं. “हितल्या बायांचे नवरे गुरवारी घरी असत्यात. जमीन इकल्यापासनं माझ्या घरी रोजच गुरवार हाय. आठवड्यातनं येक दिस ह्यांच्यासंगं भांडायचं न्हाई, ह्ये मला सासूनं शिकवलं न्हाई, देवानं न्हाई. तुझ्या चोरटीनं शिकवलं. आता कोन काय म्हनतंय बोला. आमची तोंडं उघडल्याती.”

आणि खरोखरच उघडली. पुढच्या काही मिनिटांत सी विंगच्या पुरुषांनी जे ऐकलं, ते बऱ्याच गुरुवारांचं साठलेलं होतं. जयसिंगांनी जनरेटरचं डिझेल संपत असल्याचं जाहीर केलं.

मिनल सासूपाशी येऊन म्हणाली, “आई, शेवट तुमचाच चांगला आहे. त्यांचा पीस मी रिजेक्ट केला.”

घरी येताना जिन्यात ज्योतीराम किल्ली काढून पुढं चालत होते. मग म्हणाले, “टाळं मालकानंच उघडलं होतं. त्याला बँकेचं कर्ज मिळालं.”

“हो का,” शालनबाई म्हणाल्या. वाटलं होतं तितकं लागलं नाही, पण लागलं.

“पण तोवर मी रोज घरात ओरडत होतो. गुरुवारी तू गप्प असायचीस. एकट्यानं किती ओरडणार? मग मीही गुरुवारी गप्प बसायला लागलो. तेवढाच एक दिवस आपला लहानगा प्रज्वल माझ्याजवळ यायचा.” ते किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

पुढचा गुरुवार आला. शालनबाईंनी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं आणि देवापुढं बसल्या. तोंड बंद करावं की नाही, हे ठरलं नव्हतं. पण उघडून बोलावं असंही काही सुचेना, म्हणून ते बंदच राहिलं. घंटीकडं मात्र हात जाईना. ती पितळेची एवढीशी वस्तू त्यांना मिशाळ दिसत होती. सगळी विंग चिडीचूप होती. शालनकाकूंची घंटी वाजल्याशिवाय आज कुणीच वाजवत नव्हतं. ज्योतीराम स्वयंपाकघराच्या दारात चहाचं आधण ठेवून उभे होते. घंटी झाली की दूध ओतायचं, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम होता आणि तो मोडायचा कसा हे त्यांना कळत नव्हतं. पाणी आटत चाललं.

इतक्यात वरच्या मजल्यावरून घंटी वाजली. विमलबाईंची. आणि थांबून, अगदी ठसक्यात, पुन्हा एकदा.

दोनदा! मागच्या दाराची खूण!

मग समोरच्या दारातून पूनमची, दोनदा. खालच्या मजल्यावरून दोनदा. मग पार तळापासून गच्चीपर्यंत दोनदोनदा किणकिणाट सुरू झाला, आणि त्या गोंधळात ज्योतीराम चहाचा कप घेऊन बाहेर आले. खांद्यावर त्यांनी भाजीची रिकामी पिशवी पोत्यासारखी टाकली होती.

शालनबाईंनी पदर तोंडात धरला, पण उशीर झाला होता. त्या हसल्या. आवाज करून हसल्या. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा हसल्या.

मग दिवसभर त्यांच्या जिवाला घोर लागून राहिला. हसणं बोलण्यात धरतात की नाही? व्रत मोडलं की राहिलं? सिनेमात याचा कुठंच खुलासा नव्हता, आणि आता तर त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला होता.